कळ आली की कळेल. पण डोकं दुखतंय त्याचं काय?

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणारी सव्वीस वर्षांची, पहिलटकरीण. नवऱ्याची नोकरी पुण्यात. ओटीभरण झाल्यावर ती बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. गाव लहान. प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर आणि जिथे नाव घातलंय तो दवाखाना चाळीस किलोमीटरवर, जिल्ह्याच्या ठिकाणी. तिला छत्तिसावा आठवडा लागला आहे. "खऱ्या कळा कोणत्या, खोट्या कोणत्या, हे मला ओळखता येईल का? लवकर गेले तर परत पाठवतील आणि उशीर झाला तर वाटेतच बाळंत होईन," ही तिची भीती. आई आणि मावशी म्हणतात, कळ आली की कळतं, त्यात शिकायचं काय? पत्राच्या शेवटी एक ओळ होती : "बाकी तब्येत ठीक आहे, फक्त चार दिवसांपासून डोकं खूप दुखतंय. नवरात्राचे उपवास आहेत, आई म्हणते पित्तच असेल."

प्रिय लेकी,

तुझं पत्र अष्टमीच्या दुपारी आलं. कळांबद्दल तू भरभरून लिहिलं होतंस आणि डोकेदुखीबद्दल एकच ओळ, तीही जाता जाता. मी त्या ओळीपाशी थांबले. सदर छापून येईपर्यंत वाट बघावी अशी ती ओळ नव्हती. म्हणून तुला लगेच निरोप पाठवला : आत्ता निघ, बीपी आणि लघवी तपासून घे, मग मला लिही.

तू गेलीस, हे फार चांगलं केलंस. संध्याकाळी तुझा निरोप आला. बीपी ११८/७६, लघवीत प्रथिनं नाहीत, हिमोग्लोबिन ९.२. आणि खाली हे : "बाबांनी शेजाऱ्यांची गाडी काढली, सहाशे रुपये गेले. घरी सगळे म्हणाले, बघ, पित्तच होतं. आता पुन्हा दुखलं तर कोणत्या तोंडाने सांगू?"

मला हा दुसरा प्रश्न तुझ्या पहिल्या प्रश्नाहून मोठा वाटतो. कळांचं मी पुढे सविस्तर सांगतेच. पण आधी हे, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पत्रांत हीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत असते : दुखण्यापेक्षा उगाच गेल्याची लाज जड होते.

आधी ‘पित्त’ या शब्दाबद्दल बोलू. आपल्या घरांत हा शब्द फार जागा व्यापतो. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. छातीखाली जळजळलं, पित्त. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी पित्त. एरवी त्यात फारसं बिघडत नाही. आलेपाक चघळला, झोप काढली की उतरतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र हीच चारही लक्षणं एका निराळ्या आजाराची असू शकतात. त्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. "बीपी वाढलंय आणि लघवीतून प्रथिनं जातायत" असं दवाखान्यात सांगतात, तो हाच. विसाव्या आठवड्यानंतर केव्हाही होऊ शकतो, आणि पहिलटकरणींमध्ये जास्त आढळतो.

तो का होतो, हे समजून घेतलंस तर त्याची लक्षणं पाठ करावी लागणार नाहीत. बाळाला प्राणवायू आणि अन्न वारेतून मिळतं; वार म्हणजे गर्भाशयाला आतून चिकटलेला, नाळेनं बाळाशी जोडलेला भाग. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या वारेसाठी रुंद व्हायला हव्यात. काही जणींमध्ये त्या पुरेशा रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं, आणि मग वारेतून अशी द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात जी तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. रक्तवाहिन्या आवळतात म्हणून बीपी चढतं. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्यांवर ताण आला की डोकं दुखतं, डोळ्यांपुढे ठिपके दिसतात, धूसर होतं. यकृत सुजलं की उजव्या बरगडीखाली किंवा थेट छातीच्या खाली दुखतं, उलटी होते. हे शेवटचं दुखणं तर हुबेहूब पित्तासारखं असतं. आणि हा आजार तसाच वाढू दिला तर बाईला झटके येतात, वार अवेळी सुटते, बाळाच्या जिवावर बेततं.

मी पंचवीस वर्षं ग्रामीण भागात बाळंतपणं केली. एक मुलगी माझ्या कायम लक्षात राहिली आहे. तिला पहाटे आणलं तेव्हा कपाळावर सुंठेचा लेप वाळलेला होता, डोकं ओढणीनं करकचून बांधलेलं होतं, आणि दारात स्ट्रेचरवर घेता घेता तिला झटका आला. तिच्या कार्डावर आठ दिवसांपूर्वीचं बीपी लिहिलेलं होतं : १२०/८०. त्या पहाटे ते १७०/११६ होतं. तिची आई सारखी म्हणत होती, "काल रात्रीपर्यंत चांगली बोलत होती हो, नुसतं डोकं दुखतंय म्हणाली." आम्ही झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट दिलं, बीपी उतरवलं, बाळ काढलं. दोघं वाचली. बाळ दोन किलोच्याही खाली होतं, पण रडलं. त्या आईनं लेकीची हेळसांड केली नव्हती. रात्रभर उशाशी बसून तिनं लेप लावला होता. तिच्याजवळ जे होतं ते सगळं तिनं केलं, फक्त बीपीचं मशीन तिच्याजवळ नव्हतं.

ते कार्ड मी अजून विसरले नाही, म्हणून तुला सांगते. अष्टमीला आलेलं ११८/७६ हे अष्टमीचं बीपी आहे. त्यावरून दसऱ्याचं ठरवता येत नाही, कोजागरीचं तर नाहीच. हा आजार कधी आठवडेच्या आठवडे हळूहळू चढतो, कधी दोन-तीन दिवसांत उसळतो. त्यामुळे डोकं पुन्हा तसंच दुखलं तर पुन्हा जायचं. तिसऱ्यांदा दुखलं तर तिसऱ्यांदा. बीपी चांगलं आलं म्हणून फेरी वाया गेली असं होत नाही; त्या फेरीमुळेच तर तुला त्या रात्री निवांत झोप लागली आणि तुझं हिमोग्लोबिन कमी असल्याचंही कळलं.

पण दर वेळी सहाशे रुपयांची गाडी नको, हे तुझं म्हणणं रास्त आहे. त्यावर उपाय आहे. तुझ्या गावात किंवा शेजारच्या गावात उपकेंद्र असेल. तिथल्या नर्सबाईंकडे बीपीचं मशीन असतं आणि लघवीतली प्रथिनं बघायच्या पट्ट्याही असतात. आशाताईंना विचार, उपकेंद्र कोणत्या वेळी उघडं असतं ते. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आणि घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल, आजोबांचं मशीन कपाटात पडलं असेल, तर ते बाहेर काढ. दंडाला पट्टा बांधायचं हवं, मनगटाचं नको. बीपी बघण्याआधी पाच मिनिटं शांत बस. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि बघताना बोलायचं नाही. आडवं पडून बघू नकोस. आलेला आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेव. तुझ्या नेहमीच्या आकड्यात दहा-पंधराची वाढ दिसू लागली तर ती डॉक्टरांना दाखवायला तो कागद कामाला येतो.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, मग तुला कितीही बरं वाटत असो. १६० किंवा ११० झाला तर मिनिटभरही थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आणि नीट लक्षात ठेव : डोकं फुटेल असं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, बरगडीखाली दुखतंय, एकाएकी तोंड आणि हात सुजलेत, श्वास लागतोय, यातलं काही असेल तर मशीन काहीही दाखवो, निघायचं. पायांवर संध्याकाळी थोडी सूज बहुतेकींना येते. सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, बांगड्या एकाएकी घट्ट, ही सूज वेगळी.

दवाखान्यात गेल्यावर कसं सांगायचं, हेही मला सांगावंसं वाटतं. आपल्या मुली दारातून आत जातानाच दुखणं कमी करून सांगतात : "जरा डोकं दुखतंय." तू पहिल्या वाक्यात सगळं सांग. "मला छत्तिसावा आठवडा आहे, डोकं चार दिवसांपासून दुखतंय, थांबत नाही, माझं बीपी आणि लघवी बघा." एवढं म्हटलंस की कुणी तुला बाकावर तासभर बसवणार नाही. बसवलंच तर उठून पुन्हा हेच सांग.

आणि आईशी वाद घालू नकोस. "पित्त असेल गं आई, पण बीपी बघू आणि मग पित्त म्हणू." एवढंच म्हण. तिचं म्हणणं खोटं पाडायची गरज नाही. बहुतेक वेळा ती बरोबरच असेल, कारण शेवटच्या महिन्यांतल्या बहुतेक डोकेदुख्या साध्याच असतात. मुद्दा इतकाच, की साधी कोणती हे कपाळावर हात ठेवून कळत नाही.

आता तुझी डोकेदुखी. बीपी ठीक आहे म्हटल्यावर बाकीची कारणं मला तुझ्या पत्रातच सापडली. सात दिवस साबुदाणा, शेंगदाणे आणि चहा, ऑक्टोबरचं ऊन, रात्री झोप नाही, उपाशीपोटी मळमळतं म्हणून लोहाची गोळी बंद. पाणी किती प्यायलीस ते लिहिलंच नाहीस, म्हणजे कमीच असणार. उपाशी राहिल्यानं, पाणी कमी पडल्यानं, झोपमोडीनं डोकं दुखतं. त्यात गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात आणि तुझं ९.२ आहे. बाळंतपणात थोडं तरी रक्त जाणारच. त्या वेळी गाठीशी जितकं जास्त तितकं बरं. महिनाभरच हाती आहे, म्हणून नुसत्या गोळ्या पुरतील की शिरेतून लोह द्यावं लागेल, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचार. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. दोन-तीन तासांचं अंतर ठेव. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घे.

उपवासाबद्दल मी देवीपुढे हात जोडूनच बोलते. माझ्या आईनं आयुष्यभर नवरात्र केलं. पण गरोदर लेकीला तिनं नऊ दिवस दिव्यात तेल घालायचं काम दिलं होतं आणि उपवास तिच्या वाट्याचा स्वतः केला होता. तुझ्या घरीही कुणीतरी तो उचलेल. एकादशी, संकष्टी पुढेही येतील. बाळ अंगावर पिईपर्यंत त्यांचाही विचार असाच कर.

गोळ्यांचं थोडक्यात. डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. पण आधी बीपी, मग गोळी. गोळीनं डोकं थांबलं म्हणजे बीपी वाढलेलं नाही असं समजू नकोस, आणि गोळी घेऊनही थांबलं नाही तर लगेच दाखव. घरातल्या डब्यातल्या बाकीच्या गोळ्यांना हात लावू नकोस. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असतं. ते आणि डायक्लोफिनॅकसारखी औषधं या दिवसांत बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीला बाधू शकतात, बाळाभोवतीचं पाणी कमी करू शकतात. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, तीही मनानं नको. काही जणींना बीपीचा धोका ओळखून डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. तुझ्यासारख्या वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला ती चालू असेल तर तिनं मात्र हे वाचून ती बंद करू नये. मीठ अगदी तोडल्यानं हा आजार टळतो, हाही समज खरा नाही. अळणी जेवून तू फक्त कमी जेवशील.

तू आणखी एक विचारलंस, डोकं दुखणं हे दिवस भरल्याचं लक्षण आहे का. नाही. डोकेदुखीनं कळा सुरू होत नाहीत. कळा चालू असताना डोकं तीव्र दुखायला लागलं तर तेही लगेच सांगायचं असतं.

आता कळांकडे येते. मावशी म्हणते, कळ आली की कळतं. तिचं तसं झालं असेल. तिच्या वेळी घरात चार बाळंतपणं तिनं डोळ्यांनी पाहिली होती, शेजारी सुईण होती. तू एकुलती एक, पुण्यात फ्लॅटमध्ये राहिलेली. तुला ते आपोआप कळावं अशी अपेक्षा का करायची? शिकून कळतं, आणि शिकणं अवघड नाही.

हात पोटावर ठेव. आत्ताही पोट मधूनच आवळल्यासारखं होत असेल, मग सैल पडत असेल. या खोट्या कळा. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून दवाखान्यात त्यांचंच नाव घेतात. त्या अनियमित असतात. एक आली, मग अर्धा तास नाही, मग लागोपाठ दोन, मग गायब. पाणी प्यालीस, लघवीला जाऊन आलीस, डाव्या कुशीवर पडलीस, की बहुधा विरतात. दुखणं पुढेच, ओटीपोटाशी राहतं.

खऱ्या कळा विरत नाहीत. चाललीस तर वाढतात, पडलीस तरी येत राहतात. बऱ्याच जणींना त्या कमरेत सुरू होऊन पुढे येतात, पाळीच्या दुखण्यासारख्या पण लाटेसारख्या : चढतात, टिकतात, उतरतात, आणि मध्ये खरोखर बरं वाटतं. जोर ओळखायची एक जुनी युक्ती आम्ही नर्सिंगच्या मुलींना शिकवायचो. कळेच्या ऐन भरात पोटावर बोटं दाब. नाकाच्या शेंड्याइतकं मऊ लागलं तर कळ हलकी, हनुवटीइतकं लागलं तर मध्यम, कपाळासारखं कडक लागलं तर जोराची.

वेळ मोजताना बहुतेकजणी चुकतात. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजायचं, संपल्यापासून नाही. पहिलटकरणीला सर्वसाधारणपणे सांगतात, दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की दवाखान्यात जा. पण हा हिशेब दवाखाना दोन चौक पलीकडे असणाऱ्यांसाठी ठीक. तुझ्यापुढे चाळीस किलोमीटर आहेत आणि पावसानं उखडलेला रस्ता. तू दहा मिनिटांवर नियमित कळा आल्या की फोन कर, आणि सात-आठ मिनिटांवर आल्या की गाडीत बस. आणि ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे अगदी या दिवसांत, पोट ठरावीक अंतरानं आवळायला लागलं तर यातलं काहीच मोजत बसायचं नाही. ते दिवस भरायच्या आधीचं आहे, लगेच जायचं.

वाटेत बाळंत होण्याची तुझी भीती मी समजू शकते. शेजारच्या वहिनी रिक्षात बाळंत झाल्या ते तू लिहिलंस. पण ते त्यांचं तिसरं होतं, हेही तूच लिहिलंस. पहिलं बाळंतपण सहसा वेळ घेतं. सुरुवातीच्या सौम्य कळा कित्येक तास, कधी दीड दिवसही रेंगाळतात. खऱ्या जोराचा टप्पा, पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरतात, तोसुद्धा पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत चालू शकतो. म्हणजे चाळीस किलोमीटर जायला तुला बहुधा पुरेसा वेळ मिळेल. परत पाठवलं, तर परत ये. त्यात हसण्यासारखं काही नाही. माझ्याकडे डॉक्टर मुलीसुद्धा पहिल्या खेपेला तशा आल्या आणि चहा पिऊन परत गेल्या.

कळांआधी एक-दोन खुणा दिसतात. पोट उतरतं, म्हणजे बाळाचं डोकं खाली सरकतं. श्वास मोकळा होतो आणि लघवीला सारखं जावं लागतं. हे दोन-तीन आठवडे आधीही होतं, त्यामुळे त्यावर धावपळ नको. अंगावरून चिकट, शेंबडासारखा, लालसर धागा असलेला स्राव गेला तर तोंड उघडायला लागलंय. कळा त्या रात्रीही येतील, चार दिवसांनीही. मात्र पाळीसारखं वाहतं रक्त गेलं, किंवा पोट दगडासारखं कडक होऊन सैलच पडेना, तर ती खूण नाही, संकट आहे. १०८.

बाळाभोवतीचं पाणी गेलं की कळा नसल्या तरी निघायचं. सिनेमात दाखवतात तसा लोंढा येईलच असं नाही. कधी थेंब थेंब गळतं आणि लघवीच सुटली असं वाटतं. शंका आली तर स्वच्छ पॅड किंवा जुन्या सुती साडीची पांढरी घडी घे, अर्धा तास आडवी पड, मग उभी राहा. पुन्हा ओलं झालं आणि लघवीचा वास नसला तर ते पाणीच. रंग बघ. पाण्यासारखा स्वच्छ किंवा फिका पिवळट असला तर ठीक. हिरवट, तपकिरी असला तर बाळानं आत शी केली आहे, घाई कर. आणि पाणी जाताना खाली दोरीसारखं काही लागलं, तर ती नाळ असू शकते. तिथेच गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर करून ओणवी हो आणि घरच्यांना फोन करायला सांग.

बाळाची हालचाल मी या सगळ्यांच्या वर ठेवते. रोज जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. शेवटी जागा कमी म्हणून बाळ कमी हलतं, असं तुला कुणीतरी सांगेल. हलण्याची तऱ्हा बदलते, हलणं कमी होत नाही. कमी वाटलं तर सकाळची वाट न बघता जा.

तारखेला फार चिकटू नकोस. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून चाळीस आठवडे मोजून ती काढलेली असते, आणि शंभरातल्या चार-पाच जणीच बरोबर त्या दिवशी बाळंत होतात. नवऱ्याला कधी बोलवू, याचं उत्तरही त्यातच आहे : पहिल्या नियमित कळांचा फोन पहिला त्याला. पुण्याहून तो पोचेपर्यंत बहुधा तू अजून लेबर रूमच्या बाहेरच असशील.

तयारीत एकच गोष्ट आजच कर. रात्री दोनला कुणाची गाडी, कोण चालवणार, हे दोन माणसांशी बोलून ठेव, एकाशी नको. सरकारी दवाखान्यात बाळंतपण करायचं ठरलं तर १०२ ची गाडी मोफत येते आणि तिथे बाळंतपण, सिझेरियनसकट, मोफत असतं. हे २०११ पासूनच्या योजनेत आहे. बाबांना हे सांग. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट आणि रक्तगट एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकव.

बाळ झाल्यावरचंही आत्ताच सांगते, कारण तेव्हा तुला वाचायला वेळ नसेल. हा बीपीचा आजार बाळ आणि वार बाहेर आल्यावर ओसरतो, पण त्याच दिवशी नाही. सहा आठवड्यांपर्यंत तो नव्यानं उद्भवूही शकतो, पहिल्या आठवड्यात विशेष. आपला सव्वा महिना जवळजवळ तेवढाच. त्या काळात बाळंतिणीचं डोकं दुखलं की आपण "वारा लागला" म्हणतो, कान बांधतो, शेगडी जवळ सरकवतो. कान बांधायला माझी हरकत नाही. बीपी मात्र बघायचंच. कमरेतून भूल देऊन सिझेरियन झालं असेल आणि बसल्यावर दुखणारं डोकं आडवं पडल्यावर थांबत असेल, तर ते भुलेच्या सुईमुळे असतं, त्यावर उपचार आहेत, भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळव. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी पद्धत काही घरांत आहे, ती तुझ्या घरात असेल तर आईच्या पाया पडून थांबव. बाळंतपणानंतर रक्त आधीच घट्ट होण्याकडे झुकलेलं असतं, त्यात पाणी तोडलं की मेंदूच्या शिरांत गुठळी व्हायचा धोका वाढतो. तिचीही सुरुवात डोकेदुखीनंच होते.

परवा सोमवार. उपकेंद्र सकाळी उघडलं की जा, बीपी बघ, कालनिर्णयवर लिही, आणि मला दोन्ही आकडे कळव. डोकं आज कसं आहे तेही. आणि आईला सांग, मी तिच्याशी बोलायला तयार आहे, तिला वाटेल तेव्हा.

तुझी,
डॉक्टरताई